अँटिस्टॅटिक होज: निवड, जोडणी आणि ओहमचा हिशेब

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या बऱ्याच फाउंड्र्यांत एका कोपऱ्यात आयपीएचा, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलचा २०० लिटरचा ड्रम असतो. साच्याला ग्राफाइटचं किंवा झिरकॉनचं कोटिंग मारायचं आणि काडी लावून ते सुकवायचं, यासाठी तो लागतो. पेंट शॉपमध्ये थिनर असतं, साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत इथेनॉल, जनरेटरजवळ डिझेल. हे सगळं एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात न्यायचं काम मात्र अनेक ठिकाणी बागेला पाणी घालायच्या हिरव्या नाहीतर पारदर्शक पीव्हीसी पाइपवर चालतं. फार झालं तर दुकानातून ‘अँटिस्टॅटिक’ असं छापलेला होज, म्हणजे लवचिक पाइप, येतो, आणि तो आला म्हणजे काम झालं असं धरलं जातं.

काम तिथे होत नाही. होज ही साखळीतली एक कडी आहे. ड्रम, पंप, होज, कपलिंग (होजच्या टोकाचा जोड), नोझल, भरायचा कॅन आणि जमिनीतला अर्थिंगचा खड्डा हे सगळं विजेच्या दृष्टीने एकमेकांना जोडलेलं असलं, तरच तो होज आपलं काम करतो. आणि जोडलंय की नाही हे डोळ्यांनी दिसत नाही, मोजावं लागतं.

ठिणगी येते कुठून

द्रव पाइपमधून वाहताना पाइपच्या भिंतीशी घासतो आणि विजेचा भार सोबत घेऊन पुढे जातो. हीच स्टॅटिक, म्हणजे स्थिर वीज. टोल्युइन, झायलीन, हेक्झेन, पेट्रोल, डिझेल, रॉकेल हे द्रव विजेचे फार वाईट वाहक आहेत, त्यामुळे आत साठलेला भार त्यांच्यातून लवकर निघून जात नाही. उलट इथेनॉल, मिथेनॉल, आयपीए, अॅसिटोन यांतून भार सहज वाहतो. यावरून ‘अल्कोहोलला स्टॅटिकची भीती नाही’ असं शॉपफ्लोअरवर सर्रास बोललं जातं. हे अर्धंच खरं आहे. अल्कोहोलमधला भार पटकन निघून जातो, पण जातो कुठे? ज्याला टेकलाय त्या धातूकडे. तो धातू जमिनीशी जोडलेला नसेल, उदाहरणार्थ प्लास्टिकच्या होजच्या टोकाला लटकणारं पितळी नोझल, तर सगळा भार त्या नोझलवर गोळा होतो. अल्कोहोल प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरलं तर भार द्रवातच अडकतो, आणि अर्थिंग केलेलं नोझल जवळ आलं की द्रवाच्या पृष्ठभागावरून त्याच्याकडे उडी मारतो.

आकडे पाहिले म्हणजे हे किती झटपट होतं ते कळेल. लाकडी फळीवर किंवा प्लास्टिकच्या पॅलेटवर ठेवलेल्या लोखंडी बादलीची विद्युतधारिता, म्हणजे भार साठवायची क्षमता, साधारण २० पिकोफॅरॅड असते. होजमधून येणाऱ्या द्रवाबरोबर फक्त ०.१ मायक्रोअँपिअर इतका प्रवाह आला, तरी त्या बादलीचा विद्युतदाब दर सेकंदाला ५,००० व्होल्टने चढतो. दोन सेकंदांत १०,००० व्होल्ट. त्या वेळी बादलीत साठलेली ऊर्जा १ मिलीज्यूल. टोल्युइनची वाफ पेटायला सुमारे ०.२४ मिलीज्यूल पुरते, मिथेनॉलच्या वाफेला त्याहूनही कमी. आता कोणी बादलीच्या कडीला हात लावला की झालं.

वाफ तयार व्हायला आपल्याकडे काही वेगळं करावं लागत नाही. आयपीएचा ज्वलनबिंदू, म्हणजे पेटण्याजोगी वाफ सुटू लागते ते तापमान, सुमारे १२ अंश सेल्सिअस, टोल्युइनचा ४ अंश. कोल्हापुरात जानेवारीच्या पहाटेसुद्धा टोल्युइनच्या ड्रमच्या तोंडाशी पेटण्याजोगी वाफ असते, मग एप्रिलच्या दुपारचं काय सांगायचं.

होजवर काय लिहिलंय ते वाचा

‘अँटिस्टॅटिक’ हा शब्द एकट्याने फारसं काही सांगत नाही. केमिकल होजच्या युरोपीय मानकात, ईएन १२११५ मध्ये, दोन खुणा आहेत आणि चांगल्या होजवर त्या बाहेरच्या थरावर उमटवलेल्या असतात. एक खूण ‘एम’. म्हणजे होजच्या भिंतीत तांब्याच्या वा स्टीलच्या तारा आहेत आणि त्या दोन्ही टोकांच्या कपलिंगना जोडायच्या आहेत. एका कपलिंगपासून दुसऱ्यापर्यंतचा रोध १०० ओहमच्या आत हवा. दुसरी खूण ओमेगाची, Ω. इथे रबरातच कार्बन ब्लॅक मिसळलेला असतो, भार रबरातूनच वाहतो. रोध १० लाख ओहमच्या, म्हणजे १ मेगाओहमच्या आत हवा. Ω च्या पुढे तिरकी रेघ आणि ‘टी’ असेल तर होजच्या भिंतीतून आरपारही भार निघू शकतो. बाहेरून लोक होजला हात लावतात, जमिनीवर ओढतात, किंवा आजूबाजूला वाफ साचते अशा जागी हा प्रकार घ्यावा.

१ मेगाओहम ऐकायला फार मोठा वाटतो, पण स्टॅटिकच्या कामात प्रवाह अगदी किरकोळ असतात. १० मायक्रोअँपिअर म्हणजे या कामात भरपूर. तेवढा प्रवाह १ मेगाओहममधून गेला तर दाब फक्त १० व्होल्ट राहतो. ठिणगी पेटवायला शेकड्यांनी व्होल्ट लागतात. म्हणून Ω प्रकारचा होज एम प्रकारापेक्षा कमी दर्जाचा समजू नये. उलट त्याचा एक मोठा फायदा आहे: तार तुटायची भीती नाही. वारंवार वाकणाऱ्या, ओढल्या जाणाऱ्या कामाला Ω चांगला. एका जागी पडून असणाऱ्या जाड सक्शन होजला एम चालतो.

नुसत्या स्टीलच्या स्प्रिंगचा पारदर्शक पीव्हीसी होज दुकानात ‘वायरवाला’ म्हणून मिळतो. त्याची स्प्रिंग कपलिंगला जोडली नसेल तर तो साध्या पीव्हीसीपेक्षाही वाईट, कारण भिंतीत एक लांबलचक, कशालाच न जोडलेला धातू बसलाय आणि तो भार साठवतोय. स्प्रिंग मध्येच तुटली तर तुटलेल्या दोन टोकांमध्ये ठिणगी पडू शकते, तीही द्रवापासून मिलिमीटरभर अंतरावर.

आणि एक जुगाड तर जागोजागी दिसतो: साध्या होजवर बाहेरून तांब्याची तार गुंडाळायची आणि तिचं टोक अर्थिंगला बांधायचं. दिसायला छान, मनाला समाधान. पण भार आतल्या भिंतीवर आणि द्रवात तयार होतो. पीव्हीसीची भिंत त्याला बाहेर येऊ देत नाही. तार बाहेर, भार आत, मध्ये इन्सुलेटर. म्हणजे आपण होजचा कपॅसिटर केला. तारेने अर्थिंग करायचंच असेल तर ते दोन्ही टोकांच्या धातूच्या कपलिंगचं करा, होजच्या पोटाचं नव्हे.

आतलं अस्तर

स्टॅटिकच्या नादात अस्तर विसरलं जातं, आणि सहा महिन्यांत होज आतून फुगतो. डिझेल, पेट्रोल, खनिज तेल यांना नायट्राइल रबर चालतं. पण अॅसिटोन किंवा टोल्युइनमध्ये नायट्राइल फुगतं, मऊ पडतं. इथेनॉल, आयपीए, अॅसिटोन यांना ईपीडीएम चांगलं, पण तोच ईपीडीएम होज डिझेलवर लावला तर खलास. पेंट शॉपचं थिनर हे बहुधा टोल्युइन, अॅसिटोन, ब्युटिल अॅसिटेट अशांचं मिश्रण असतं, त्यामुळे एकाच रबराला ते झेपत नाही. तिथे अस्तर यूएचएमडब्ल्यूपीई या दाट पॉलिथिनचं किंवा टेफ्लॉनचं घ्यावं. या दोन्हींत पांढरं अस्तर म्हणजे बहुतेक वेळा इन्सुलेटर. काळं, कार्बन मिसळलेलं अस्तर मागा, आणि दुकानदाराकडून नुसतं ‘हो हो’ न घेता त्या लॉटचं चाचणीपत्र मागा. डिस्टिलरीत पिण्याच्या प्रतीच्या स्पिरिटला अन्नयोग्य पांढरं अस्तर लागतं. तिथे एम प्रकारची तार हवी आणि ती जोडलेली आहे याची खात्री हवी.

अस्तर फुगतं तेव्हा Ω प्रकारात कार्बनचे कण एकमेकांपासून लांब जातात आणि रोध चढतो. होज फुटलेला नाही, गळत नाही, पण स्टॅटिकच्या दृष्टीने मेलेला आहे. मोजल्याशिवाय हे कळत नाही.

कपलिंग बसवताना चूक कुठे होते

होज मीटरवर विकत आणून कपलिंग आपल्याच वर्कशॉपमध्ये बसवायचं ही इथली पद्धत आहे, आणि ती चुकीची नाही, जर नीट केलं तर. एम प्रकारात होज कापल्यावर तारेची टोकं ३ सेंटिमीटरभर मोकळी काढून, घासून चकाकवून, होजच्या तोंडात आतल्या बाजूला वळवून घ्यायची. मग कपलिंगचा दांडा आत घालायचा, म्हणजे तार दांडा आणि अस्तर यांच्यामध्ये दाबली जाते. तार बाहेर काढून क्लॅम्पखाली दाबली तर क्लॅम्पवर गंज चढला की संपर्क गेला. दोन तारा असतील तर दोन्ही वळवा. एक तुटली तरी दुसरी राहते.

स्क्रूने आवळायचा साधा पत्र्याचा क्लॅम्प पेट्रोल-थिनरवर नको. फेरूल, म्हणजे धातूचं कडं, दाबून घ्यावी, नाहीतर दोन अर्ध्या कवचांचा बोल्टवाला सेफ्टी क्लॅम्प लावावा. कॅमलॉक, म्हणजे दोन कान दाबून बंद होणारं कपलिंग असेल तर स्टेनलेस स्टीलचं किंवा पितळेचं; पॉलिप्रॉपिलीनचं स्वस्त कॅमलॉक साखळी तिथेच तोडतं. अॅल्युमिनियम चालतं, पण गंजलेल्या लोखंडावर अॅल्युमिनियम जोरात आपटलं तर पेटवणारी ठिणगी पडू शकते, त्यामुळे जिथे कपलिंग फरशीवर आदळायची सवय आहे तिथे ते टाळावं. कॅमलॉकच्या कानांना पिन लावा. दाबाखाली कान उघडला तर स्टॅटिकचा विचार करायला वेळच मिळणार नाही.

फ्लँजच्या जोडावर टेफ्लॉनचं गॅस्केट आणि रंगवलेले बोल्ट एकत्र आले की मधला संपर्क तुटू शकतो. गॅस्केट बदलल्यावर त्या जोडाच्या दोन्ही बाजूंना मीटर लावून पाहायचं. १० ओहमपेक्षा जास्त दिसलं तर रंग खरवडून दातेरी वॉशर घालायचं आणि वेणीच्या तांब्याचा एक जम्पर, म्हणजे जोडतार, टाकायचा. आटेदार जोडावर टेफ्लॉन टेप असेल तर आटे बहुधा टेप कापून एकमेकांना टेकतात, पण ‘बहुधा’वर काम सोडू नये.

होज आखूड पडला म्हणून मध्ये पीव्हीसीचं निपल घालून दोन तुकडे जोडणं हा प्रकार बंदच करा. लांब हवा असेल तर लांब घ्या, आणि अंतरापेक्षा दीड फूट जास्त घ्या. ५० मिलिमीटरच्या होजला पाऊण ते एक फुटापेक्षा कमी त्रिज्येत वाकवलं तर आतली तार तुटते. कपलिंगच्या अगदी मागे काटकोनात लोंबणारा होज हमखास तिथेच जातो. एल्बो लावा.

मोजायचं कसं

हे काम वाफेच्या जागेत करायचं नाही. होज रिकामा करा, निथळू द्या, वाऱ्यावर कोरडा होऊ द्या, वाफ शिल्लक नाही याची खात्री करा आणि मगच बाहेर, उघड्यावर मोजा. मेगर, म्हणजे इन्सुलेशन टेस्टर, स्वतः ५०० व्होल्ट सोडतो, हे विसरू नका.

होज जमिनीवर किंवा ओल्या कोब्यावर पडलेला असेल तर प्रवाह जमिनीतून वळसा घेऊन जातो आणि रोध खोटा, कमी दिसतो. दोन कोरड्या पॉलिथिनच्या ठोकळ्यांवर किंवा नायलॉनच्या दोरीने टांगून मोजा. एम प्रकाराला साधा मल्टिमीटर पुरतो: एका कपलिंगच्या धातूपासून दुसऱ्याच्या धातूपर्यंत. चांगल्या जोडणीत वाचन काही ओहम असतं. ४०-५० ओहम आलं तर मर्यादेत आहे म्हणून खूश होऊ नका, तार कुठेतरी सैल आहे. मीटर लावलेला असतानाच दुसऱ्या माणसाने होज हळूहळू वाकवत जावं. आकडा उड्या मारू लागला की तुटकी तार सापडली.

Ω प्रकाराला मल्टिमीटरवर भरवसा ठेवू नये. त्याच्या ९ व्होल्टच्या बॅटरीवर कार्बनच्या रबराचं वाचन अस्थिर येतं. ५०० व्होल्टचा इन्सुलेशन टेस्टर लावा आणि सेकंदभर नव्हे, आकडा स्थिर होईपर्यंत धरा. १ मेगाओहमच्या आत असेल तर चालेल. नवा होज २०-३० हजार ओहम दाखवत होता आणि आता ६ लाख दाखवतोय, तर तो पास झालेला असला तरी त्याचं अस्तर बिघडत चाललंय. पुढच्या महिन्यात पुन्हा पाहा.

म्हणूनच पहिल्या दिवसाचं वाचन लिहून ठेवणं सगळ्यात उपयोगाचं. प्रत्येक होजला पत्र्याचा बिल्ला लावा, त्यावर नंबर ठोका, आणि वहीत नंबर, तारीख, ओहम एवढंच लिहा. दर महिन्याला एकदा, आणि कपलिंग बदललं की त्याच दिवशी. वर्षातून एकदा पाण्याने दाब चाचणी: कामाच्या दाबाच्या दीडपट, ५ मिनिटं, कपलिंगपाशी घसरण किंवा घाम दिसतो का ते बघायचं. चाचणी हवेने करू नका. फुटला तर तो बॉम्ब होतो.

ड्रममधून कॅनमध्ये: रोजचं काम

समजा २०० लिटर थिनरच्या ड्रममधून २० लिटरचे कॅन भरायचे आहेत. लागणारं साहित्य: धातूचा फिरता हातपंप, ड्रमच्या तळापर्यंत जाणारी धातूची नळी, २५ मिलिमीटर व्यासाचा काळ्या अस्तराचा Ω प्रकारचा ३ मीटर होज, सोडलं की आपोआप बंद होणारं पितळी नोझल, टोकदार स्क्रूच्या दोन अर्थिंग क्लिपा, त्यांना ६ चौरस मिलिमीटरची लवचिक तांब्याची केबल, आणि भिंतीला गुडघ्याच्या उंचीवर लावलेली २५ बाय ३ मिलिमीटरची गॅल्व्हनाइज्ड पट्टी, जी बाहेरच्या अर्थिंग खड्ड्याला जोडलेली आहे. कॅन पत्र्याचे. प्लास्टिकचे कॅन, प्लास्टिकचं नसराळं, प्लास्टिकची बादली यांना या खोलीच्या दाराबाहेर ठेवा. खोलीत खाली वाफ साचते, म्हणून जमिनीलगत हवा खेळायला जागा हवी, आणि दाराशी ६ किलोचा ड्राय केमिकल पावडरचा बंब.

क्रम महत्त्वाचा आहे. बूच उघडण्याआधी ड्रमच्या काठाला एक क्लिप लावा, तीही रंगावर नाही: स्क्रू आवळून रंग फोडून पत्र्यात घुसला पाहिजे. दुसरी क्लिप रिकाम्या कॅनला. मग पंप बसवा, होज लावा, नोझल कॅनच्या तळाला टेकवा. अर्ध्या वाटेवरून धार सोडली तर थेंब उडतात, आणि उडणारे थेंबच भार वाढवतात. भरून झाल्यावर नोझल बंद, ठिबक संपू द्या, नोझल बाहेर, झाकण बंद, आणि सगळ्यात शेवटी क्लिप. पहिली लागते ती शेवटी निघते. घाईत ‘आधी क्लिप काढली मग नोझल उपसलं’ हे उलटं झालं की नेमक्या त्या क्षणी, वाफेच्या तोंडाशी, दोन धातू वेगळे होतात.

वेग मोजायला मीटर लागत नाही, घड्याळ पुरतं. सुरुवातीचा वेग सेकंदाला १ मीटरपेक्षा जास्त नको, निदान नोझलचं तोंड द्रवात बुडेपर्यंत. २५ मिलिमीटरच्या होजमध्ये १ मीटर वेग म्हणजे मिनिटाला साधारण २९ लिटर, म्हणजे २० लिटरचा कॅन ४० सेकंदांत भरतो. तुमचा कॅन १५ सेकंदांत भरत असेल तर वेग पावणेतीन मीटरच्या घरात आहे. पंप हळू फिरवा. अर्धा इंची होजवर तोच कॅन अडीच मिनिटांच्या वर घ्यायला हवा, आणि तसं कोणी घेत नाही. म्हणूनच जाड होज आणि हळू प्रवाह हे बारीक होज आणि जोरदार धारेपेक्षा बरं. ५० मिलिमीटरच्या होजला मर्यादा मिनिटाला ११८ लिटर, म्हणजे २०० लिटरचा ड्रम पावणेदोन मिनिटांत.

हवेवर चालणारा डायफ्रॅम पंप वापरत असाल तर त्याचं अंग धातूचं घ्या आणि अंगावरचा अर्थिंगचा बोल्ट जोडा. पॉलिप्रॉपिलीनच्या अंगाचा पंप थिनरला नको. कॉम्प्रेसरची हवा ड्रममध्ये भरून द्रव ढकलायची युक्ती तर अजिबात नको: ड्रम दाब सहन करायला बनलेला नसतो, आणि आत वाफेत हवा मिसळून आपणच स्फोटक मिश्रण तयार करतो.

नसराळ्यावर मलमल किंवा नायलॉनचं कापड बांधून थिनर गाळायची सवय असते. बारीक गाळणी हा या सगळ्या साखळीत भार तयार करणारा सगळ्यात जोरदार भाग आहे. गाळायचंच असेल तर धातूची जाळी, अर्थिंग केलेली, पंपाजवळ. फिल्टर बारीक असेल तर त्यानंतर द्रवाला बाहेर पडण्याआधी ३० सेकंद धातूच्या पाइपमध्ये मिळायला हवेत. ५० मिलिमीटरच्या पाइपात १ मीटर वेगाला हा हिशेब ३० मीटर पाइपाचा होतो, किंवा मधे ६० लिटरची धातूची टाकी बसवावी लागते. दोन्ही जमत नसेल तर बारीक फिल्टर काढा.

भरणारा माणूसही साखळीतच आहे. माणसाच्या अंगावर १०,००० व्होल्ट चढले तर त्यात सात-आठ मिलीज्यूल साठतात, थिनरच्या वाफेला लागतात त्याच्या तीसपट. सुती कपडे, अँटिस्टॅटिक बूट, आणि पायाखाली कोबा. रबरी मॅट किंवा जाड इपॉक्सी नको. चप्पल चामड्याच्या तळाची असो की टायरच्या, या खोलीत तिचं काम नाही. नायलॉनचं जॅकेट आत काढायचं नाही, बाहेर काढून यायचं.

टँकर

टँकरला अर्थिंगसाठी वेगळा बोल्ट दिलेला असतो, क्लिप त्यालाच. मडगार्डला, रंगवलेल्या शिडीला किंवा चाकाच्या नटाला लावलेली क्लिप म्हणजे निव्वळ शोभा. क्रम तोच: अर्थिंग, मग होज, मग व्हॉल्व्ह; निघताना व्हॉल्व्ह, होज, झाकण, आणि शेवटी अर्थिंग. धातूच्या जोडणीत क्लिपपासून खड्ड्यापर्यंत १० ओहमच्या आत यावं.

भरताना पाइपचं तोंड टाकीच्या तळाजवळ असावं, आणि ते बुडेपर्यंत १ मीटर वेग. ७५ मिलिमीटरच्या होजला हा वेग मिनिटाला २६५ लिटर. बुडल्यावर वेग वाढवता येतो, पण पेट्रोल-डिझेल-टोल्युइनसाठी एक सोपा नियम आहे: मीटर प्रति सेकंदातला वेग गुणिले मीटरमधला व्यास ०.५ च्या वर जाऊ नये, आणि वेग ७ मीटरच्या वर कधीच नाही. १०० मिलिमीटरच्या होजला यातून ५ मीटरची मर्यादा मिळते. आत पाण्याचे थेंब किंवा गाळ आहे असा संशय असेल तर शेवटपर्यंत १ मीटरच.

भरून होताच झाकण उघडून डिपस्टिक घालू नका, नमुना घ्यायची बाटली सोडू नका. टाकीतला भार विरायला वेळ द्या. टँकरला दहा मिनिटं थांबणं परवडतं, मोठ्या साठवण टाकीला अर्धा तास. डिपस्टिक धातूची असेल तर अर्थिंगसह, आणि दोरी नायलॉनची नको, सुती हवी.

पेट्रोल वाहून आलेल्या टँकरमध्ये डिझेल भरताना विशेष जपा. डिझेल स्वतः सहज पेटत नाही म्हणून माणूस सैल पडतो, पण टाकीत पेट्रोलची वाफ उरलेली असते, आणि डिझेल भार उत्तम धरून ठेवतं. वाफ जुन्या मालाची, ठिणगी नव्या मालाची.

अ वर्गातलं, म्हणजे २३ अंशांखाली पेटणारं पेट्रोलियम विक्रीसाठी नसलं तरी ३० लिटरपेक्षा जास्त ठेवायचं तर पेट्रोलियम कायद्याखाली परवाना लागतो. हे काम नागपूरला मुख्यालय असलेली पेसो ही केंद्रीय संस्था बघते. टोल्युइनसारखं सॉल्व्हंट ठेवणाऱ्याने आपला साठा कुठल्या वर्गात बसतो ते आधी बघून घ्यावं.

पाऊस आणि अर्थिंगचा खड्डा

पावसाळ्यात हवा दमट असते, स्टॅटिक होत नाही, असं समजून जुलै-ऑगस्टमध्ये क्लिपा खुंटीला टांगल्या जातात. दमट हवेने होजच्या बाहेरचा, कपड्यांवरचा भार कमी होतो हे खरं. पण भार होजच्या आत, द्रवात तयार होतो, आणि तिथे कोल्हापूरचा पाऊस पोचत नाही.

पोचतो तो वेगळ्या वाटेने. उघड्यावर उभा ठेवलेला ड्रम वरच्या खोलगट झाकणावर पाणी साठवतो. रात्री गार झाला की आत ओढ बसते आणि बुचाच्या आट्यांतून ते पाणी आत जातं. टोल्युइनमध्ये पाण्याचे थेंब मिसळले की पाइपमधून जाताना भार कितीतरी पटींनी वाढतो. ड्रम शेडखाली ठेवा, जागा नसेल तर आडवे ठेवा, दोन्ही बुचं द्रवाच्या पातळीखाली येतील असे. पाण्याने धुतलेला होजही पूर्ण निथळल्याशिवाय थिनरवर लावू नका. आणि वाफेचा फवारा, बॉयलरची स्टीम, स्वतःच भार तयार करते. थिनरचा वास येणारी टाकी किंवा होज स्टीमने धुवायचा नाही.

अर्थिंगचा खड्डा मात्र उलट्या ऋतूत मोजायचा. नदीकाठच्या काळ्या मातीत पावसाळ्यात वाचन सुरेख येतं. तोच खड्डा मे महिन्यात भेगाळला की चढतो. माळावरच्या एमआयडीसीत खाली मुरूम आणि काळा पाषाण, तिथे तर आणखी. एप्रिलच्या शेवटी मोजा, जास्त आलं तर खड्ड्यात पाणी सोडा, तरी उतरलं नाही तर दुसरा इलेक्ट्रोड ठोकून जोडा. आणि स्टॅटिकची पट्टी वेल्डिंग मशीनच्या परतीच्या तारेला किंवा शेडच्या कुठल्याही पाइपला जोडू नका. वेल्डिंगचा प्रवाह त्या वाटेने थिनरच्या खोलीत येतो.

होज कधी टाकायचा

बाहेरचा थर कापला जाऊन आतलं विणकाम दिसू लागलं, कपलिंगमागे फुगवटा आला, आतून अस्तराचे पापुद्रे नोझलमध्ये येऊ लागले, कुठे तो दाबला की मऊ लागतो: यातलं एकही असेल तर मोजत बसू नका. मर्यादेबाहेर ओहम आला तर एम प्रकारात एकदा टोक कापून तार पुन्हा वळवून पाहता येतं. Ω प्रकारात कापून काही सुधारत नाही, सगळी लांबीच गेलेली असते.

टाकाऊ होजचे दोन तुकडे करून टाका. अख्खा ठेवला तर सोमवारी सकाळी कोणीतरी घाईत तोच उचलून लावतो.